गाडी चोरीला गेली? मग तपासाला लागा की

गाडी जागेवर दिसली नाही की आधी 'चोरी' हा शब्द डोक्यातून काढा. ठाणे अंमलदार विचारतील, "नक्की चोरीच ना? कुठं लावून विसरला नाहीत ना?" तेव्हा नम्रपणे आठवल्यासारखं करा. दखलपात्र गुन्हा (पोलीस विनावॉरंट अटक करू शकतात असा) असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो हे सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय, पण ते तिथं बोलू नका.

साहेब बंदोबस्ताला गेलेत. कायम.

पुरावा स्वतःच गोळा करा. समोरच्या मेडिकलवाल्याच्या हातापाया पडून सीसीटीव्हीचं फुटेज घ्या, कारण त्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) काही दिवसांनी जुनं पुसून टाकतो आणि तोवर तिकडं कोणी फिरकणार नाही. मी पेनड्राइव्हमध्ये घालून नेऊन दिलं, चोराचं तोंड स्वच्छ दिसतंय, हँडल लॉक तोडतोय, निवांत, काही घाई नाही त्याला, तर मला म्हणे पुराव्याच्या कायद्यातलं कलम ६३ चं, म्हणजे फुटेज अस्सल असल्याचं, सर्टिफिकेट आणा (पूर्वीचं ६५ ब, जुलै २०२४ पासून नंबर बदलला, हेलपाटे तेच). त्याचा एक भाग मेडिकलवाल्यानं भरायचा आणि दुसरा तज्ज्ञानं. तज्ज्ञ काय भाजीबाजारात मिळतो? मेडिकलवाला म्हणतो कोर्टात यावं लागणार असेल तर मी सही करणार नाही. अरे मग डीव्हीआर जप्त करा, पंचनामा करा, हे काम फिर्यादीचं आहे का?

अमेरिकेत गंभीर फेडरल (केंद्रीय कायद्याखालच्या) गुन्ह्यात आरोप ठेवायच्या आधी सहसा ग्रँड जुरी बसते, १६ ते २३ साधी माणसं, त्यातल्या १२ जणांना पुरावा पुरेसा वाटला तर खटला उभा राहतो. आरोपीच्या वकिलाला आत घेत नाहीत, सरकारी वकील म्हणेल तेच ऐकायचं, सगळं मान्य. पण निदान कोणीतरी पुरावा बघतं! माझा पेनड्राइव्ह स्टेपल केलेल्या पाकिटात होता, नंतर गेलो तेव्हाही स्टेपल तशीच.

शेवटी 'अ समरी' येईल, म्हणजे पोलिसांचा तपास बंद करायचा अहवाल. गुन्हा खरा, आरोपी मिळून आला नाही. लोक म्हणतील बरं झालं, इन्शुरन्सला हाच कागद लागतो.

काय बरं झालं? फुटेजमध्ये माणूस दिसतोय आणि खुशाल 'मिळून आला नाही' लिहिता? शोधला कुठं? पाकीट तरी उघडायचं होतं. आणि क्लेम पास झाला की गप्प बसणाऱ्यांनो, तुम्हीही काही कमी नाही. समरीवर मॅजिस्ट्रेटपुढे हरकत घेता येते, प्रोटेस्ट पिटिशन म्हणतात त्याला. मी केलंय. तुम्ही एजंटला फोन लावत बसा.