चाळीस टक्क्यांचा कागद आणि ब्रेकवरचा पाय

नागपुरात दिव्यांगांच्या ड्रायव्हिंगचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आहे ना, मग लायसन्स द्या. दुसरा म्हणतो, वर्धा रोडवर धडधाकट माणसाची तारांबळ उडते, यांचा जीव कशाला धोक्यात घालता? या माणसाला, या गाडीत, नेमकं काय जमतं, हे दोघंही विचारत नाहीत.

टक्केवारीतून ते कळत नाही. पोलिओने डावा पाय गेलेल्याची टक्केवारी मोठी असेल, पण ऑटोमॅटिक गाडीत त्या पायाला कामच नसतं. उलट पक्षाघातातून हातपाय बरेच सावरलेल्या माणसाची टक्केवारी कमी भरेल, पण मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली असेल तर कधीकधी त्याचं डावीकडे लक्षच जात नाही. डोळे निरोगी असूनही डावीकडची सायकल अशा माणसाच्या मनात नोंदली जात नाही. कागदभर पसरलेल्या लहान-मोठ्या चांदण्यांपैकी फक्त लहान खोडायला सांगितलं, की असा माणूस उजवी बाजू नीट खोडतो आणि डावी तशीच सोडून समाधानाने पेन खाली ठेवतो. आरटीओच्या मोकळ्या ट्रॅकवर हा दोष लपू शकतो. रिक्षा, हातगाड्या आणि उभ्या मोटारींच्या रस्त्यावर तो लपत नाही.

इथे ब्रिटनमध्ये पक्षाघातानंतर किमान एक महिना गाडी चालवता येत नाही. त्रास उरला तर डीव्हीएलए या लायसन्स खात्याला कळवावं लागतं, न कळवल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. शंका असेल तर माणसाला ड्रायव्हिंग मूल्यमापन केंद्रात पाठवतात. तिथे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून उपचार करणारे तज्ज्ञ, आणि अनुभवी ड्रायव्हिंग प्रशिक्षक मिळून तपासतात. २० मीटरवरून नंबरप्लेट वाचून होते, मग सांधे, ताकद, तळव्याची संवेदना. पुढे उभ्या यंत्रावर बसवून ब्रेक किती जोराने दाबला जातो आणि लाल दिवा लागल्यावर पाय किती वेळात हलतो, हे मोजतात. शेवटी प्रशिक्षकाच्या बाजूलाही ब्रेक असलेल्या गाडीतून खऱ्या रस्त्यावर.

खरी किंमत त्यानंतरच्या सल्ल्याला आहे, कारण उपकरणही चुकीचं बसलं तर घात करतं. हॅन्ड कंट्रोलचा दांडा पुढे ढकलला की ब्रेक लागतो, ओढला की वेग वाढतो. पण कमरेत तोल नसेल तर जोराच्या ब्रेकला धड पुढे कलतं आणि सगळं वजन दांड्यावर येतं, ब्रेक हवा त्याहून जास्त लागतो. छातीचा पट्टा लावला की हे टळतं. उजवा पाय गेलेल्याला ॲक्सिलरेटर डावीकडे बसवून देतात, तेव्हा वर्षानुवर्षं क्लच दाबलेला पाय घाबरल्या क्षणी जुन्या सवयीने तिथेच जातो आणि गाडी थांबायची तर उसळते. म्हणून सराव आधी, रहदारी नंतर. आणि मूळ ॲक्सिलरेटरवर झाकण हवंच.

सगळं इथे छान चाललंय असं मात्र नाही. डीव्हीएलएच्या वैद्यकीय निर्णयाला कधीकधी महिने लागतात, तोवर माणूस घरात अडकतो. तो उशीर नागपुरात आणू नका.

भारतात कायदा आड येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातला ‘इनव्हॅलिड कॅरेज’ हा अपमानास्पद शब्द काढून ‘ॲडॅप्टेड व्हेईकल’ आणला. २०२३ मध्ये केरळमध्ये दोन्ही हात नसलेल्या तरुणीला कारचं लायसन्स मिळालं. तिला जमलं म्हणून सगळ्यांना जमेल, किंवा ती अपवाद म्हणून बाकीच्यांना जमणार नाही, हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. एकेक माणूस तपासावा लागतो.

नागपुरात त्यासाठी नवी इमारत नको. मेडिकल कॉलेजमध्ये ऑक्युपेशनल थेरपी पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जाते, गिरीपेठेत आरटीओ आहे. या दोघांना जोडा. एक ऑटोमॅटिक गाडी, तिला प्रशिक्षकाच्या बाजूचा ब्रेक, काढता-घालता येणारा हॅन्ड कंट्रोल आणि एका हाताने स्टिअरिंग फिरवायची मूठ द्या. थेरपिस्टचा अहवाल निरीक्षकाच्या हाती पडेल आणि त्यात टक्के नव्हे, तर ‘फक्त ऑटोमॅटिक’, ‘ब्रेक हाताने’, ‘छातीचा पट्टा’ असं लिहिलेलं असेल. पहिली फेरी सकाळी सिव्हिल लाइन्सच्या रुंद रस्त्यांवर. तिथे हात स्थिर राहिला, तरच गजबजलेल्या व्हरायटी चौकात.