मान द्यावा, मान देऊ नये

तलावपाळीला फेरी मारून जांभळी नाक्याकडे वळलात की सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च लागतं. जरूर आत जा. मेणबत्ती लावा, गुडघे टेका, जिवाला थंडावा मिळेल. फक्त ज्याच्या नावाचं ते चर्च आहे, त्याचं चरित्र फार खोलात जाऊन वाचू नका. बाप्तिस्मा करणारा योहान तसा रानातला माणूस. टोळ आणि रानमध खाणाऱ्याला चार लोकांत कसं वावरायचं हे कुठून कळणार? हेरोद राजाने भावाची बायको घरात आणली, सगळ्या दरबाराने तिला मुजरा केला, आणि हा एकटा म्हणाला, "हे तुला योग्य नाही." पुढे राजाच्या वाढदिवसाच्या मेजवानीत याचं मुंडकं तबकातून आलं. दरवर्षी 29 ऑगस्टला आपण त्याची आठवण करतो. त्यातून घ्यायचा बोध सरळ आहे: संताला मान द्यावा, संतासारखी मान देऊ नये.

ठाण्याच्या मातीतच हा दोष असावा. 1321 साली चार फ्रान्सिस्कन साधू इथे एका ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले होते. मागाहून आलेल्या ओदोरिक या साधूने लिहून ठेवलंय की त्या घरात नवऱ्याने बायकोला मारलं, बायको काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून तिने या पाहुण्यांची नावं दिली. पाहुण्यांनी काय करायचं? "आम्ही झोपलो होतो," म्हणून मोकळं व्हायचं. शेजारच्या फ्लॅटमधून तसला आवाज आला की आपण टीव्हीचा आवाज वाढवतो, तसंच. पण त्यातले तिघे साक्षीला गेले. तिथे गोष्ट मारहाणीवरून धर्मावर आली आणि अखेर चौघेही जिवाला मुकले.

आता तुमच्या उपयोगाचं बोलू. दुष्टाई म्हणजे शिंगं आणि शेपूट. ती मिटिंगला येत नाही, सही करत नाही, जीएसटीसकट बिल देत नाही. एवढं एकदा मनात पक्कं केलंत की सोसायटीची कमिटी, शाळेचं मंडळ, पतपेढी, पॅरिश कौन्सिल, कुठेही सुखाने नांदाल. घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत मी दोन वर्षं खजिनदार होतो, म्हणून अनुभवाने सांगतो.

आमची सेप्टिक टाकी वर्षातून एकदा उपसतात. त्या वर्षी दोन कोटेशनं आली. एक गाडी आणि पंपवाल्याचं, दुसरं त्याच्या निम्म्याचं. निम्म्यात कसं परवडतं, हे मी विचारलं नाही. खजिनदाराने स्वस्तात का, असं विचारायचं नसतं. ठरल्या दिवशी एक पोरगा आला, विशीतला. चेंबरचं झाकण उघडलं, कमरेला दोरी बांधली आणि तो आत उतरला. तोंडावर रुमाल. थोड्या वेळाने दोघांनी दोरी ओढून त्याला वर घेतलं. पार्किंगच्या भिंतीला टेकून तो ओकला. वॉचमनने त्याला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. सेक्रेटरी म्हणाले, "बघा, काही झालं का?" काहीच झालं नव्हतं. इतिवृत्तात 'टाकीची सफाई समाधानकारक झाली, बिल मंजूर' एवढं लिहिलं गेलं आणि चेकवर मी सही केली. माझी सही चांगली आहे, शाळेत कौतुक व्हायचं.

2013 चा कायदा असल्या कामाला माणूस लावू देत नाही, प्रत्यक्षही नाही आणि ठेकेदारामार्फतही नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड. असं गटारात किंवा टाकीत माणूस मेला तर 30 लाख द्या, असं सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये सांगितलं. हे सगळं मला तेव्हाही साधारण माहीत होतं. म्हणून मी त्या रात्री प्रार्थना केली. पोरग्यासाठी केली, त्याच्या आईवडिलांसाठी केली, कमिटीला सद्बुद्धी मिळावी म्हणूनही केली. तुम्हीही करा. प्रार्थनेला कोरम लागत नाही, ती इतिवृत्तात येत नाही आणि चेअरमनना ऐकू जात नाही.

कधी मन फारच खाऊ लागलं तर शास्त्राचा आधार घ्या, तोही अर्ध्यावरच सोडून. "आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ," हे वचन कुणी प्रश्न विचारला की लगेच तोंडावर फेकायचं. पुढचा भाग वाचायचा नाही. कारण पुढे लिहिलंय की मुसळ काढल्यावर तुला भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला स्पष्ट दिसेल. म्हणजे कुसळही काढायचंच आहे! वाचणाराच पंचाईतीत. तसंच मत्तयाच्या अठराव्या अध्यायाचं. भाऊ चुकला तर आधी एकट्यात त्याला सांग. ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा. तरीही नाही तर मंडळीला सांग. आपली पद्धत याच्या उलटी आणि अधिक व्यवहारी आहे. आधी सगळ्या मंडळीला सांगायचं, मग दोघातिघांत कॉफीवर चघळायचं, आणि ज्याची चूक त्याला मात्र नाताळचा केक द्यायचा.

येशूने मंदिरात सराफांचे चौरंग उलथले, ही गोष्ट मुलांना सांगताना "देवबाप्पाला राग आला" एवढंच सांगा. योहानाच्या (हा योहान वेगळा) शुभवर्तमानात त्याने दोऱ्यांचा कोरडा, म्हणजे चाबूक, केला असं आहे. कोरडा वळायला वेळ लागतो. म्हणजे तो रागाचा झटका नव्हता, बसून विचार करून केलेलं काम होतं. मुलांना हे कळलं तर ती शाळेतच सुरुवात करतील.

तुम्हाला गुरू हवाच असेल तर मी कयफाचं नाव सुचवतो. प्रमुख याजक, जबाबदार माणूस, आजच्या कुठल्याही ट्रस्टवर शोभला असता. येशूबद्दल त्याने काय सांगितलं? सगळ्या राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एका माणसाने मरावं हे हिताचं. यात द्वेष कुठे आहे? संस्थेची काळजी आहे. "बाहेर कळलं तर आपलंच नाव खराब होईल," हे वाक्य तुम्ही ऐकलंय ना? शाळेत ऐकलं असेल, चर्चच्या ऑफिसातही. एखाद्या लेकराने मोठ्या माणसाबद्दल काही सांगितलं की पहिली काळजी नावाची, लेकराची नंतर. आता लेकरांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा 2012 चा पॉक्सो कायदा म्हणतो की पोलिसांना कळवलंच पाहिजे. पोप फ्रान्सिस यांनीही 2019 मध्ये धर्मगुरूंना तक्रार वर कळवणं बंधनकारक केलं. वरच्या लोकांना खालच्या अडचणी कळत नाहीत, दुसरं काय. त्याआधी 1987 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तर पापाच्या रचना असतात, असंच लिहून ठेवलं. म्हणजे प्रत्येक जण सज्जन आणि सगळे मिळून बांधलेलं घर वाकडं. याची कबुली कशी द्यायची? "फादर, मी मिटिंगला हजर होतो," असं म्हणायचं? मागे रांग केवढी असते! खरं तर मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, सुरुवातीलाच, जे करायचं ते केलं नाही याचीही माफी आपण छाती बडवत मागतो. पण ती सगळ्यांबरोबर, एका सुरात, म्हणून लागत नाही.

एवढं सांगूनही कुणाला योहान व्हायची हौस असेल तर खारघरच्या बाजूला तळोजा कारागृह आहे, ते लक्षात ठेवा. आदिवासींच्या जमिनींसाठी बोलत आलेले फादर स्टॅन स्वामी ऑक्टोबर 2020 पासून तिथे होते. आरोप गंभीर होता, खटला उभा राहिला नव्हता. कंपवातामुळे पेला हातात धरता येईना म्हणून स्ट्रॉ आणि सिपरसाठी त्यांना अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 ला, जामिनाची वाट पाहत, मुंबईतल्या रुग्णालयात ते गेले. वय 84. आमच्या ओळखीतले एक काका हळहळून म्हणाले, "एवढे शिकलेले, एखाद्या कॉलेजचे प्रिन्सिपल होऊन आरामात राहिले असते." काकांचं चुकीचं नाही. तेही एका कॉलेजच्या कमिटीवर आहेत.

आणि आपण मोजकी माणसं. सोसायटीत आमची तीन घरं. गणपतीत आरतीला बोलावतात, नाताळात केक खायला येतात. कशाला कुणाच्या डोळ्यांवर यायचं? "वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे," असं पौलानेच रोमकरांना लिहिलंय. त्याच पौलाने अंत्युखियात येशूच्या पट्टशिष्याला, पेत्राला, सगळ्यांसमोर सुनावलं, ते सोडून द्या.

यंदा टाकीचं कोटेशन पुन्हा आलंय. पुन्हा निम्म्याचंच. मी आता कमिटीवर नाही, पण चौकशी करून ठेवली. काम रविवारी सकाळी, साडेआठ ते दहाच्या दरम्यान. आमची मराठी मिस्सा साडेआठची असते. प्रवचन लांबलं तर घरी येईपर्यंत झाकणही लागलेलं असेल.