सूर्याला पाणी द्या, खालच्यांचं सूर्य बघून घेईल

नागपुरात राहता आणि अजून सूर्याला अर्घ्य देत नाही? कमाल आहे बाप्पा तुमची. वर्षातले तीन महिने ज्याच्या नावानं आपण सकाळी अकरापासून खिडक्या बंद करून, कूलरमध्ये पाणी भरून, तोंडाला दुपट्टा बांधून बोटं मोडतो, त्याला सकाळी उठल्यावर निदान पाणी विचारणं ही साधी माणुसकी आहे, आणि तुम्ही तेवढंही करून नाही राहिले. उद्यापासून सुरू करा. कसं करायचं ते मी सांगतो.

आधी तांब्या. तांब्याचाच पाहिजे, स्टीलचा चालत नाही, प्लास्टिकचा मग तर विचारूच नका. इतवारीत जा, चांगला जड तांब्या घ्या, दुकानदाराला "पूजेचा दाखवा" म्हणा म्हणजे तो थोडे जास्त पैसे सांगेल आणि तुम्हालाही बरं वाटेल. तांबं लवकर काळं पडते, त्यामुळे रोज चिंचेनं किंवा लिंबानं घासावं लागते. हे काम घरातल्या बाईनं करायचं असते, पुण्य मात्र पाणी ओतणाऱ्याला लागते, याच्यात शास्त्र वगैरे शोधू नका, आपल्याकडे असंच चालत आलं आहे. आत पाणी, चिमूटभर कुंकू, अक्षता, जमलं तर लाल जास्वंद. जास्वंद घरी नसेल तर शेजारच्या कंपाउंडच्या बाहेर आलेली फांदी ही देवाचीच समजायची, आणि कंपाउंडच्या आत असली तरी देवाचीच, फक्त चप्पल काढून हात घालायचा.

आता वेळ. भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्योदयाची जी वेळ दिलेली असते ती बहुतेक मुंबईची असते, आणि आपल्याकडे सूर्य मुंबईच्या वीस ते तीस मिनिटं आधीच उगवून मोकळा होते. विदर्भाला मुंबईच्या आधी मिळणारी बहुधा ही एकच गोष्ट असेल, तिचाही आपल्याला पत्ता नाही, आणि वर अनुशेषाच्या नावानं ओरडून राहिलो. असो. जूनच्या सुरुवातीला आपला सूर्योदय साडेपाचच्या आसपास असते, जानेवारीत सातला पाच-सात मिनिटं कमी असताना. तुम्ही घाबरू नका, तुमचा सूर्योदय आठ वाजता. संध्येत रोजची अर्घ्यं तीन, आणि वेळ टळली तर प्रायश्चित्त म्हणून चौथं द्यायचं असं सांगितलेलंच आहे. म्हणजे लेट फीची सोय आपल्या पूर्वजांनी आधीच करून ठेवली, तर तिचा फायदा घ्यायचा सोडून पहाटे उठणं हा त्यांचा अपमान नाही का?

आणि तसंही मनीषनगर-बेसा साइडला फ्लॅट घेतला असेल तर खरा सूर्योदय तुमच्या काय कामाचा. ब्रोशरमध्ये 'ईस्ट फेसिंग' होतं, चौरस फुटामागे त्याचे वेगळे पैसे मोजले, नंतर समोर सात मजली उभी राहिली. तर समोरच्या गच्चीवरची काळी टाकी हाच आपला उदयाचल. तिच्या मागून जेव्हा उजेड येईल तेव्हा उगवला.

आता मुख्य विधी. गॅलरीत उभं राहायचं, पूर्वेला तोंड, तांब्या दोन्ही हातांनी डोक्याच्या वर न्यायचा आणि बारीक धार सोडायची. पाणी आपल्या पायावर पडू नये असं सांगतात. पायावर पडू नये म्हणजे कुठे पडावं हे तुम्ही समजून घ्या! गॅलरीच्या कठड्याबाहेर हात काढला की प्रश्न मिटला. तिसऱ्या मजल्यावरून सोडलेलं अर्घ्य सूर्यापर्यंत पोचायला पंधरा कोटी किलोमीटर जावं लागते, पण दुसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या शर्टापर्यंत ते दोन सेकंदाच्या आत पोचते. कुंकू हल्ली केमिकलचं असते त्यामुळे पांढऱ्या शर्टावर त्याचे ठिपके पक्के बसतात, तो माणूस ऑफिसात दिवसभर तुमची भक्ती खांद्यावर घेऊन फिरते. तिथून पाणी पहिल्या मजल्याच्या कूलरवर, तिथून खाली उभ्या असलेल्या गाडीच्या सीटवर, आणि शेवटी खालच्या काकूंनी चटईवर घातलेल्या मुंगवड्यांवर. काकू ओरडतील,

"अवो भाऊ, पाणी पडून राहिलं न आमच्या वाळवणावर! काल कुरड्या झाल्या, आज वड्या!"

घाबरायचं नाही. मंत्र थोडा मोठ्यानं म्हणायचा आणि संपल्यावर खाली वाकून शांत आवाजात सांगायचं, "काकू, तीर्थ आहे ते." याच्यावर अजून कोणाला उत्तर सापडलेलं नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघालाच तर "आता हिंदूंनी आपल्या घरात पूजाही करायची नाही का" एवढं म्हणायचं, अर्धे लोक तुमच्याकडून होतील आणि ज्यांचा शर्ट खराब झाला ते गप बसतील. कोणी म्हणते की खाली परात ठेवा, किंवा कठड्यावर एक कुंडी ठेवा, पाणी त्यात पडेल, झाडालाही मिळेल. पुष्कळ घरी तसं करतातही, बिचारे. पण परातीत पडलेलं पाणी कोणाला दिसते? दोन महिने इमानदारीनं परातीत अर्घ्य दिलं तर बिल्डिंगमध्ये कुत्रं तरी विचारेल का की तुम्ही धार्मिक आहात?

मंत्र पाठ नसेल तर फोनवर लावा, आवाज फुल. गायत्री आपल्याला लहानपणापासून येते असं आपल्याला वाटते. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातला तो मंत्र सवित्याकडे एकच गोष्ट मागते, आमच्या बुद्धीला चालना दे. तेवढी ओळ घाईत म्हणायची. बुद्धी मिळाली तर उद्या परात ठेवावी लागेल.

एक गोष्ट मात्र नागपूरकर म्हणून मला खटकते. विष्णुपुराणात सांगितलं आहे की मंदेह नावाचे राक्षस रोज संध्याकाळी-सकाळी सूर्याला खायला धावतात आणि गायत्री म्हणून सोडलेलं पाणी वज्र होऊन त्यांना जाळते, म्हणून सूर्य सुखरूप वर येते. बाकी भारतात ठीक आहे. पण २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणीत जाते, नवतपा लागते, डांबर चपलेला चिकटते, तेव्हा मंदेहांना एखादा दिवस अर्धा तास जास्त द्यायला काय हरकत आहे? आपण पूर्ण शहर मिळून इतक्या निष्ठेनं त्यांना काहून हाणून राहिलो?

कोणी नास्तिक भेटला आणि यानं काय होते असं विचारलं तर विज्ञान सांगायचं. पाण्याच्या धारेतून किरणं येतात, सात रंग होतात, सात रंग सात चक्रांत जातात, चष्मा उतरतो. पहिले दोन भाग शाळेतले असल्यामुळे ऐकणारा मान हलवतो, मग तिसरा आणि चौथा त्याच वेगात सांगून टाकायचे, मध्ये श्वास घ्यायचा नाही. अगदी क्षितिजावरचा सूर्य मवाळ असते कारण त्याचा उजेड हवेच्या जाड थरातून गाळून येते, पण तुमचा सूर्य आठचा, टाकीच्या वर आलेला. त्याच्याकडे टक लावून पाहिलं तर डोळ्याचा पडदा भाजू शकते, आणि पडद्याला दुखणं कळत नाही, म्हणून भाजून राहिला हेही समजत नाही. डोळ्याचे डॉक्टर ओरडतात, पण त्यांचं दुकानच चष्म्यावर चालते ना!

अर्घ्याच्या वेळचा अजून एक फायदा कोणी सांगत नाही. कर्ण सूर्याची उपासना करायचा तेव्हा मागायला आलेल्या ब्राह्मणाला तो नाही म्हणत नसे, म्हणून तर इंद्र ब्राह्मण होऊन आला आणि अंगावरची कवचकुंडलं कापून घेऊन गेला. त्यानं काय साधलं ते कुरुक्षेत्रावर दिसलंच. आपण शहाणे आहोत. मेंटेनन्सची पावती घेऊन सेक्रेटरी आला, कामवालीला अॅडव्हान्स पाहिजे असला, वॉचमन पिण्याच्या पाण्याची बाटली भरून मागत असला, की लगेच तांब्या घेऊन गॅलरीत. पूजेत असलेल्या माणसाला कोणी मागत नाही.

छठला अंबाझरीवर जाऊ नका मात्र, उत्साह जाईल. तिथे उत्तरेकडच्या बायका छत्तीस तास पाण्याचा थेंब न घेता कमरेइतक्या पाण्यात उभ्या असतात, आदल्या संध्याकाळी बुडत्या सूर्यालाही अर्घ्य देतात. बुडत्याला! ज्याच्याकडून आज काही मिळायचं राहिलं नाही त्याला कोण विचारते? आणि पाणी तळ्यातलं तळ्यातच, कोणाच्याही शर्टावर नाही. असल्या लोकांपासून काय शिकायचं.

आपण शिकायचं ते ज्योतिषाकडून. तो पत्रिका उघडून सांगेल की रवी तुळेत आहे, नीचेचा आहे, म्हणून प्रमोशन अडलं, साहेब खार खाऊन आहे, सरकारी नोकरी हुकली. उपाय म्हणून रोज अर्घ्य, रविवारी उपास, आणि ऐपत असेल तर माणिक, ऐपत नसेल तरी माणिकच, हप्त्यानं. जाता जाता तो हेही सांगेल की रवी हा पित्याचा कारक आहे, वडिलांची सेवा केली तरी रवी बळकट होते. हे उपायांच्या यादीत सगळ्यात खाली असते आणि त्याला पैसेही लागत नाहीत, म्हणजे त्याचा गुण येणार नाही हे उघड आहे, ते सोडून द्या.

वडील सकाळी त्याच गॅलरीत खुर्ची टाकून कोवळ्या उन्हात बसलेले असतात, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. चहा अजून आलेला नसते आणि पेपर तुम्ही आत नेलेला असते. त्यांना म्हणा, "बाबा, खुर्ची आत घ्या जरा, स्टेटसच्या फोटोत येऊन राहिले तुम्ही."