एमआरआयचं चुंबक हृदयातलं लोह ओढत नाही

"थॅलेसेमियाच्या मुलांच्या हृदयात लोह असतं, एमआरआयचं चुंबक ते ओढतं आणि हृदय फाटतं. फेरिटिन (रक्ततपासणीतला लोहसाठ्याचा आकडा) हजाराच्या खाली असेल तर तपासणी नकोच, इको (हृदयाची सोनोग्राफी) पुरे. गूळ बंद करा." कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. राजारामपुरीतल्या वहिनींनी तो वाचून मुलाची ठरलेली तारीख रद्द केली, आता गप्प बसवत नाही.

थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यातलं लोह अंगात साठतं. पण हृदयातलं लोह म्हणजे खिळे-टाचण्या नव्हेत. ते फेरिटिन आणि हिमोसिडेरिन या प्रथिनांशी बांधलेल्या रूपात पेशींत साठलेलं असतं. त्यावरची ओढ इतकी क्षीण असते की पेशी जागची हलत नाही. मात्र आसपासचं चुंबकी क्षेत्र ते किंचित विस्कटतं, म्हणून तिथला सिग्नल लवकर विझतो. किती लवकर, तेवढंच मोजायचं. पंधरा-वीस सेकंद श्वास रोखायचा, तेवढ्यात एकाच छेदाची साधारण आठ चित्रं निघतात. मग हृदयाच्या डाव्या-उजव्या कप्प्यांमधल्या स्नायूच्या पडद्यावर आकडा काढतात, त्याला टी-टू-स्टार म्हणतात. फुप्फुसालगतच्या भिंतीवर मोजलं तर हवेमुळे आकडा उगाच खाली येतो. 1.5 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनवर 20 मिलिसेकंदांच्या खाली म्हणजे हृदयात लोह, 10 च्या खाली म्हणजे धोका. 3 टेस्लावर हेच आकडे आणखी कमी येतात, तेव्हा रिपोर्टवर मशीन किती टेस्लाचं ते बघा. यात क्ष-किरण नाहीत, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शनही लागत नाही.

खऱ्या लोखंडाला चुंबक ओढतं, एवढं मात्र कबूल. म्हणून डेसफेरालचा (अंगातलं लोह बाहेर काढणाऱ्या औषधाचा) पंप सुईसकट काढून बाहेर ठेवायचा. ताईत, पैंजण, कडं अंगावर नको. पेसमेकर असेल तर आधीच सांगायचं.

रक्तातल्या फेरिटिनच्या भरवशावर राहणं जास्त घातक. औषधाने यकृतातलं लोह आधी रिकामं होतं, हृदय फार मागे राहतं. 2009 साली 'सर्क्युलेशन' या वैद्यकीय नियतकालिकात थॅलेसेमियाच्या 652 रुग्णांचा अभ्यास आला. तपासणीनंतर वर्षभरात ज्यांचं हृदय निकामी होऊ लागलं, त्यांच्यातल्या 98 टक्क्यांचा टी-टू-स्टार 10 च्या खाली होता. फेरिटिनला तो धोका नीट ओळखता आला नाही. इकोत तर पंपिंग शेवटपर्यंत चांगलं दिसू शकतं.

गुळाचं काय सांगायचं! रक्ताच्या एका पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह अंगात जातं, त्यापुढे गुळाचा खडा किस झाडकी पत्ती.

वहिनी, तारीख परत घ्या. फोनवर नुसतं "हृदयाचा एमआरआय" म्हणू नका, "टी-टू-स्टार करता का?" असं विचारा. सगळ्या सेंटरवर ते होत नाही. तोवर मुलाकडून घरी श्वास रोखायचा सराव करून घ्या.