तुमचं कोल्हापुरी जरा कच्चं आहे

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा जे नाटुकलं बसतंय, त्यात कोल्हापूरच्या बाईची भूमिका मला मिळाली नाही. कारण माझं कोल्हापुरी पटत नाही. मी मंगळवार पेठेतली. पुण्याच्या नव्हे, कोल्हापूरच्या. शाळा, कॉलेज, पहिली नोकरी, लग्नातली भांडणं, सगळं तिथंच. भूमिका गेली सी विंगमधल्या वहिनींकडे. त्यांचा जन्म ठाण्याचा, आणि कोल्हापूरशी संबंध म्हणाल तर चपलांचा एक जोड.

नाटुकल्याचा विषय आहे ओला कचरा, सुका कचरा. गावाकडून पारूबाई मुलाकडे राहायला येते, तिला दोन डब्यांतला फरक कळत नाही आणि सोसायटीतले सुशिक्षित लोक तिला तो समजावतात. (सुक्या कचऱ्यात डायपर कोण टाकतं हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. ते पारूबाई टाकत नाही.) लेखक आणि दिग्दर्शक आमचे सेक्रेटरीकाका. त्यांनी कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांत लाइट सांभाळले होते, त्यामुळे नाटक या विषयावर शेवटचा शब्द त्यांचा.

"घ्या ताई, वाक्य घ्या," काका म्हणाले.

कागदावर होतं, 'आवं सायेब, ह्यो वला कचरा म्हंजी काय म्हनायचं वो?' माझी आत्या असं काही विचारायला लागली तर ज्या सुरात विचारेल, त्या सुरात मी ते म्हटलं. काका डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी एकच डोळा उघडला.

"छान. पण यात कोल्हापूर कुठे दिसलं?"

"काका, मी कोल्हापूरचीच आहे."

"अहो, असाल ना! असण्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. वाटायला पाहिजे."

आणि मग ते मला दाखवायला उठले. खांद्यावर नॅपकिन टाकला, गुडघे फाकवले, अदृश्य मिशीला पीळ दिला (भूमिका बाईची आहे हे त्या भरात राहून गेलं) आणि क्लब हाउसच्या छताकडे बघून ओरडले, "काय गं ए भवाने! काय करून ऱ्हायलीस गो? चालतंय की!" एका दमात काका नागपूरला चढले, मालवणला उतरले आणि रिक्षा करून कोल्हापुरात आले. तालमीला जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी डोळे पुसले.

"प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'चालतंय की' घ्यायचं," काका धापा टाकत म्हणाले. "तो 'तुझ्यात जीव रंगला' मालिकेतला राणादा नाही का म्हणायचा?"

"पण काका, इथं ती प्रश्न विचारतेय. ओला कचरा म्हणजे काय, चालतंय की? काय चालतंय?"

"लोकांना कळायला नको का, बाई कुठली आहे ते?"

"पारूबाई कोल्हापूरची आहे असं पहिल्याच वाक्यात सून सांगते."

"सांगणं वेगळं. आणि ती सैराटमधली आर्ची कशी बोलायची, तो एक झटका पाहिजे."

आर्ची सोलापूर जिल्ह्यातली, मी बोलायला लागले. काका म्हणाले, "तेच ते. ग्रामीण."

तेवढ्यात आईचा फोन आला. मी बाजूला होऊन बोलले, "व्हय, जेवलो. न्हाई गं, अजून हितंच बसलोय. निगालोच बघ." फोन ठेवला तर काका मागे उभे. आवाज अगदी खाली आणून, चारचौघांत माझी लाज राखत म्हणाले, "राग मानू नका. पण 'जेवलो' नाही, 'जेवले'. तुम्ही स्त्री आहात. स्टेजवर अशी चूक गेली तर लोक हसतील हो."

कोल्हापुरात बायका 'आलो, गेलो, जेवलो'च म्हणतात. माझी आजी म्हणायची, एम.ए. झालेली मावशी म्हणते. जगात माझ्या बोलण्याला कोल्हापूरचा शिक्का मारायला यापेक्षा ठळक पुरावा नाही, आणि तो काकांनी व्याकरणात नापास केला. मी तोंड उघडेपर्यंत वहिनींनी कमरेवर हात ठेवला, मान झटकली आणि "आवंऽऽ सायेबाऽऽ" असा हेल काढला की पार्किंगमधलं कुत्रं भुंकलं.

"हेच! हेच पाहिजे होतं मला!" काका म्हणाले.

आता पुण्यानं आमचं काही पहिल्यांदाच नेलेलं नाही. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली. 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट तिथंच तयार होऊन १९३२ साली लागला, आणि १९३३ साली कंपनीनं बिऱ्हाड उचललं ते थेट पुण्यात. त्या स्टुडिओच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. म्हणजे पुणेकरानं कोल्हापूरकराला कॅमेऱ्यापुढं कसं बोलायचं ते शिकवावं, याला नव्वदेक वर्षांची परंपरा आहे. माझ्या वाट्याला कॅमेराही आला नाही, सेक्रेटरीकाकांचा मोबाइल आला, तोही आडवा धरायचा की उभा यावर दहा मिनिटं वाद होऊन.

पडद्यावरच्या बोलीचं मला एकूण असं दिसतं की ती खरी असून चालत नाही, मागच्या सिनेमातल्यासारखी असावी लागते. गोरे नट टॉम ऑल्टर मसुरीत जन्मलेले. त्यांचं उर्दू इतकं सफाईदार की रंगमंचावर त्यांनी मौलाना आझाद उभे केले. हिंदी सिनेमानं मात्र त्यांना बरीच वर्षं साहेबाची टोपी घालून "टुम" म्हणायला लावलं. चेहरा गोरा ना, मग तसंच बोलायचं. मला त्यांच्याबद्दल आधीही आदर होता, आता नातं वाटायला लागलंय.

याच्या उलट स्कॉटिश नट शॉन कॉनरी. हा मनुष्य 'द अनटचेबल्स'मध्ये (१९८७) शिकागोतला आयरिश पोलीस होता आणि 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर'मध्ये (१९९०) सोव्हिएत पाणबुडीचा कप्तान. दोन्हीकडे बोलला स्कॉटिश. पाणबुडी एडिंबऱ्याहूनच सुटली असावी असं वाटतं. आणि त्या आयरिश पोलिसासाठी त्याला ऑस्कर मिळालं! मला हे आवडतं. येत नाही ना, मग नाही करायचं. अमेरिकन नट डिक व्हॅन डाइकनं करायला घेतलं; 'मेरी पॉपिन्स'मधली (१९६४) त्याची कॉकनी, म्हणजे लंडनच्या कामगारांची बोली, इतकी वाईट म्हणून गाजली की २०१७ साली बाफ्टा या ब्रिटिश अकादमीचा सन्मान जाहीर झाल्यावर त्यानं त्याबद्दल जाहीर माफी मागून टाकली. म्हणजे त्रेपन्न वर्षांनी. सेक्रेटरीकाका आज सत्तरीच्या पुढं आहेत, तेव्हा माझी काही आशा नाही.

हिंदी सिनेमात मराठी माणसाचं तर ठरलेलंच आहे. 'सिंघम'मध्ये (२०११) बाजीराव सिंघम सरळ हिंदी बोलतो आणि डोकं फिरलं की मराठी. एरवी आपली भाषा लागते ती हवालदाराला आणि भांडीवाल्या बाईला. प्रेमात पडायचं, वकिली करायची, तत्त्वज्ञान सांगायचं, तर हिंदी. यावर आपण मराठी लोक केवढे चिडतो! आणि मग घरी येऊन मराठी मालिका लावतो, जिच्यात वकील, डॉक्टर आणि नायिकेचे वडील पुण्याचं बोलतात आणि "आवं सायेब" म्हणतो तो माळी. हिंदीवाल्यांनी आपल्याशी जे केलं ते आपण कोल्हापूर, वऱ्हाड आणि मालवणशी करतो. मच्छिंद्र कांबळींनी 'वस्त्रहरण' नाटकाचे हजारो प्रयोग मालवणीत केले, तरी अजून मालवणी म्हटलं की निर्मात्याला भूत नाहीतर दारुडा सुचतो.

'सैराट'बद्दल (२०१६) मला आदर आहे तो म्हणूनच. रिंकू राजगुरू अकलूजची, नागराज मंजुळे करमाळ्याकडचे. तिथं कुणी कुणाला हेल शिकवायला बसलं असेल असं वाटत नाही. आर्ची त्या बोलीत बुलेट चालवते, दम देते, प्रेम करते, आणि नंतर परक्या गावात तीच बोली घेऊन गप्प होते. पण यातून लोकांनी उचललं काय? झटका! पुढं किती तरी स्किटांमधून पोरी मान झटकत फिरल्या. वहिनींची मान त्यातलीच.

आणि याची लागण उलट्या दिशेनंही झालीय. गेल्या खेपेला कोल्हापुरात एका मिसळीच्या हॉटेलात बसलो होतो. बाहेर आमची एमएच-१२ची गाडी. वेटरनं ती बघितली आणि टेबलापाशी येऊन छाती फुगवून, "बोला पावनं! काय आनू? कट मारू का झणझणीत? नाद खुळा!" असं म्हणाला. तोच पोरगा आत वळून हळू म्हणाला, "दोन मिसळ लाव, एक कमी तिखट." मी त्याला आमच्या पेठेतल्या सुरात विचारलं, कुठल्या गल्लीतला रं तू? तो एकदम ओशाळला. मग हसून म्हणाला, "ताई, पुन्याच्या लोकास्नी असंच लागतंय. साधं बोललो तर म्हणत्यात, हा बाहेरचा वाटतोय."

माझ्या मामाची बायपास ज्या डॉक्टरांनी केली ते कोल्हापूरचेच. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी खाटेवर बसले, मामाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "काय घाबरायचं न्हाई. छाती उघडायची, तीन नळ्या जोडायच्या, परत शिवायची. चार दिवसांत चालायला लागणार बघा तुम्ही. सिगरेट वडलासा तर मात्र मीच येऊन कानाखाली वाजवणार." मामा हसला, आणि रात्री झोपला. या डॉक्टरांना मी कुठल्याच मालिकेत बघितलेलं नाही. ऑडिशनला गेले तर वॉर्डबॉयचा रोल देतील, आणि तोही हेल जमला तर.