नाक शाबूत आहे, म्हणूनच ते प्लास्टिक खातात

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: काय खावं नि काय नाही याची जाण प्राण्यांना उपजतच असते, त्यामुळे प्लास्टिक गिळणारे थोडे, आणि तेही उपाशी किंवा आजारी. गिळलंच तर उलटीतून नाहीतर विष्ठेतून बाहेर पडतं. मेलेल्या प्राण्याच्या पोटात पिशवी सापडली म्हणून तो पिशवीनेच मेला असं म्हणता येत नाही. शिवाय आता बायोडिग्रेडेबल पिशव्या आणि प्लास्टिक खाणारे जिवाणू आलेत, तेव्हा ही ओरड पुरे.

यातल्या एका मुद्द्यात दम आहे, त्याकडे येतोच. पण मुख्य घोळ पहिल्यातच आहे.

उपजत जाण असते, हे खरंच. पंचाईत अशी की ती अगदी शाबूत असतानाच प्राणी प्लास्टिककडे जातात. अल्बाट्रॉस, फुलमार यांच्या कुळातले पक्षी उघड्या समुद्रावर मैलोन्‌मैल नाकाच्या भरवशावर अन्न शोधतात. क्रिल (कोळंबीसारखे बारीक समुद्री जीव) सूक्ष्म शैवाल खातात तेव्हा डायमिथाइल सल्फाइड हा वायू सुटतो, आणि त्याचा माग काढला की क्रिल सापडतात. लाखो वर्षं हा हिशोब चुकला नव्हता. 2016 साली संशोधक मॅथ्यू सॅव्होका आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ प्लास्टिकचे मणी समुद्रात ठेवून पाहिले. महिनाभराच्या आतच त्या मण्यांना हाच वास येऊ लागला, कारण त्यांच्यावर शैवालाचा थर चढला होता. या वासामागे जाणाऱ्या पक्ष्यांमध्ये प्लास्टिक गिळण्याचं प्रमाण इतरांच्या पाचपटीहून जास्त आढळलं. म्हणजे ज्याचं नाक तिखट, तोच आधी फसतो.

समुद्री कासवांचंही तसंच. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात टाकीतल्या लॉगरहेड कासवांना हवेतून वेगवेगळे वास दिले. स्वच्छ प्लास्टिककडे त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. पण समुद्रात राहून शेवाळलेल्या प्लास्टिकचा वास आला की नाकपुड्या पाण्याबाहेर काढून ती तितकाच वेळ थांबत, जितका खऱ्या अन्नाच्या वासाला. ‘कासव पिशवीला जेलीफिश समजतं’ एवढंच आपण ऐकत आलोय. डोळ्यांची चूक ही गोष्टीची अर्धीच बाजू.

जमिनीवर वेगळं काय घडतं? जपानमधल्या नारा इथे 2019 साली मेलेल्या 14 हरणांपैकी 9 हरणांच्या पोटात प्लास्टिक निघालं, एकाच्या पोटात तर 4 किलोंहून जास्त. पिशवीला खाऊचा वास लागलेला असेल तर हरणाने ती का सोडावी?

आता ‘बाहेर पडतं’ हा दावा. काही अंशी खरा आहे. समुद्री गल न पचलेलं बरंचसं उलटून टाकतात, आणि उत्तराखंडात हत्तींच्या लेंड्यांमध्ये प्लास्टिक सापडलंय. पण लेंडीत दिसतं ते बाहेर पडू शकलेलं; आत अडकलेल्याची मोजदाद तिथे होत नाही. कासवाच्या अन्ननलिकेत पोटाच्या दिशेने वळलेले काटे असतात. निसटती शिकार धरायला ते कामाचे, पण गिळलेली पिशवी परत वर येताना तेच आडवे येतात. फुलमारच्या पेषणीतून (अन्न दळणाऱ्या जठराच्या भागातून) पुढे जाणारी वाट अरुंद, त्यामुळे तुकडे झिजून बारीक होईपर्यंत तिथेच राहतात. संयुक्त अरब अमिरातीतल्या वाळवंटात तपासलेल्या सुमारे 30,000 मृत उंटांपैकी 300 उंटांच्या पोटात प्लास्टिकचे घट्ट गोळे आढळले. उंट रानटी नाही हे मान्य, पण मोकळा चरणाऱ्या रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात काय होतं ते यातून कळतं. गोळ्याने पोट भरल्यासारखं वाटतं, चरणं कमी होतं, आणि जनावर भरल्या पोटी खंगत जातं.

तिसरा मुद्दा मात्र रास्त आहे. 2018 साली इंडोनेशियात वाकातोबीजवळ किनाऱ्याला लागलेल्या स्पर्म व्हेलच्या पोटात जवळपास 6 किलो प्लास्टिक होतं, त्यात 115 कप. फोटो जगभर फिरला, ‘प्लास्टिकने मारलं’ या ओळीसकट. प्रत्यक्षात शव इतकं कुजलं होतं की मृत्यूचं कारण ठरवताच आलं नाही. असे मथळे देणारे समोरच्याच्या हातात आयतं कोलीत देतात.

पण एका शवावरून सांगता येत नाही ते शेकडो शवांवरून सांगता येतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2018 साली सुमारे हजार कासवांच्या नोंदी तपासल्या. इतर ठरावीक कारणांनी मेलेल्या कासवांच्या पोटात प्लास्टिक कमी होतं. प्लास्टिकमुळे किंवा अनिश्चित कारणाने मेलेल्यांच्या पोटात जास्त. त्यावरून काढलेला अंदाज असा: एक तुकडा पोटात असेल तर मरण्याची शक्यता 22 टक्के, 14 तुकडे असतील तर 50 टक्के. संशोधक अंदाज म्हणतात, आपणही अंदाजच म्हणू. पण ‘काहीच सिद्ध होत नाही’ हे वाक्य आता टिकत नाही.

राहिले जिवाणू आणि पिशव्या. 2016 साली जपानमध्ये सापडलेला इडिओनेला साकायएन्सिस हा जिवाणू पेट (PET, पाण्याच्या बाटल्यांचं) प्लास्टिक खातो, तेही 30 अंश तापमानाला पातळ पापुद्र्यावर सहा आठवडे लावून; पिशव्यांचं पॉलिथिन त्याच्या कामाचं नाही. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठात बायोडिग्रेडेबल म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्रात ठेवली, तरी तिच्यातून बाजार नेता येत होता. मजकुरात ज्या पोटाची गोष्ट चालली आहे तिथली परीक्षाही झाली आहे: कासवाच्या पाचकरसात 49 दिवस ठेवलेल्या बायोडिग्रेडेबल पिशवीचं वजन 3 ते 9 टक्केच घटलं.