आवाज चरबीत नसतो

‘रंगकर्मींनो, व्यायामाच्या नादी लागाल तर रंगमंच गमवाल’ असा एक लांबलचक मजकूर फिरतोय. माझी भाची संगीतिकांतून गाते, नाचते. दुसऱ्या अंकात दम पुरत नाही म्हणून ती धावायला लागली होती. हा मजकूर वाचून तिने धावणं बंद केलं. म्हणून हा खटाटोप.

मजकुराचा हुकमी एक्का असा: चरबी हा आवाजाचा भाता, वजन उतरलं की आवाजही उतरतो. पुरावा, ऑपेरा गायिका मारिया कॅलास: वजन उतरलं आणि आवाज गेला म्हणे. अहो, आवाज निघतो स्वरतंतूंच्या कंपनातून आणि घुमतो घशा-तोंडाच्या पोकळीत. यात चरबी कुठे आली? उलट पोटावरची जादा चरबी श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला, खालून वर रेटते आणि नेहमीचा श्वास सोडून झाल्यावरही जी हवा जोर लावून बाहेर काढता येते, तो साठा घटवते. लांबलचक वाक्याच्या शेवटी गाठीला असते ती हीच हवा.

राहता राहिली कॅलास. १९५३-५४च्या सुमारास तिचं वजन भराभर उतरलं, हे खरं. पण मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात दिग्दर्शक लुकिनो व्हिस्कोंतीने बसवलेली तिची गाजलेली ऑपेरा ‘ला त्राव्हियाता’ १९५५ची, म्हणजे वजन उतरल्यानंतरची. पुढे आवाज का ढासळला, यावर जाणकार आजही भांडतात. मजकूरवाल्याचा मात्र निकाल लागलेला आहे. एवढं मान्य करतो की उपाशी राहून घाईने वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि श्वासाला आधार देणारे पोटाचे, बरगड्यांचे स्नायू त्यातच आले. पण त्याला तंदुरुस्ती कोण म्हणतं?

‘वजनं उचलली की गळा बसतो.’ अर्धं खरं. श्वास कोंडून, कण्हत उचललं तर स्वरयंत्र घट्ट मिटतं आणि त्यावर ताण येतो. तेव्हा श्वास सोडत उचला, प्रयोगाच्या दिवशी जड वजनांना हात लावू नका. संपलं.

मला खरी चीड आली ती पुढच्या वाक्याची: ‘तालीम हाच कलाकाराचा व्यायाम, वेगळा लागत नाही.’ संशोधक मॅथ्यू वायन आणि सहकाऱ्यांनी आधुनिक नर्तकांचा प्राणवायूचा वापर वर्गात, तालमीत आणि प्रत्यक्ष प्रयोगात मोजला. २००४ साली छापून आलेला निष्कर्ष असा की प्रयोगाची मागणी वर्ग आणि तालीम या दोन्हींपेक्षा स्पष्टपणे जास्त असते. नवल नाही. तालमीत दिग्दर्शक थांबवतो, जागा बदलून बघतो, कोणी संवाद विसरतं; तेवढ्यात श्वास जागेवर येतो. प्रयोगात नाच संपतो त्याच क्षणी गाणं उचलायचं असतं. छाती भात्यासारखी हलत असताना शरीराला हवा आत हवी असते आणि गाण्याला ती जपून बाहेर सोडायची असते. या ओढाताणीत ओळ मध्येच तुटते. दमलेल्या पायांचा तोल जातो, घोटा मुरगळतो, ते वेगळंच. धावण्याने नेमकं हेच सुधारतं: तेवढ्याच नाचाला हृदयाचे ठोके कमी वाढतात आणि श्वास लवकर ताळ्यावर येतो. हेच सोडून द्या म्हणे!

‘तंदुरुस्त नटाला एन्ट्रीआधी धडधडत नाही, म्हणून काम सपाट होतं.’ विंगेत एकदा उभं राहून बघा.

‘पिळदार शरीराला फक्त नायकाच्या भूमिका मिळतात.’ दम वाढवायला पिळदार व्हावं लागतं, हे कोणी सांगितलं?

शेवटचा मुद्दा, कपड्यांची मापं बदलतात. बरं बाबा, बदलतात. कपडेपटवाल्याला आधी कळवा.